आकडा शून्यावर येईपर्यंत

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात सहा सर्व्हर मिळून एकच ॲप्लिकेशन चालवतात. रुग्णालयांच्या काउंटरवरून विम्याच्या मंजुरीचे अर्ज त्यावर भरले जातात. आलेलं काम सहा जणांत वाटून देणारा लोड बॅलन्सर पुढे बसवलेला आहे. वाटणी सारखी नसते. दोन मशीन जुनी आहेत, त्यांच्यावर मी निम्माच भार ठेवतो.

एखादा सर्व्हर दमू लागला की त्याला थेट बंद करता येत नाही. अर्धा भरलेला अर्ज त्याच्याच मेमरीत असतो. तो बंद केला की काउंटरवरच्या माणसाला पहिल्यापासून भरावा लागतो, आणि समोर रुग्ण ताटकळतो. म्हणून आधी नवीन काम इतरांकडे वळवायचं, हातातलं संपू द्यायचं, चालू अर्जांचा आकडा शून्यावर आला की मगच बंद. याला आम्ही सर्व्हर उतरवणं म्हणतो. ज्याने उतरवायला घेतला त्यानेच शून्य पाहायचं, मधे हात बदलायचा नाही, हा नियम मी घातला होता. पूर्वी एकदा दोघांनाही वाटलं की दुसरा बघतोय, आणि चालू अर्जांसकट मशीन बंद झालं होतं.

त्या दिवशी दुपारी जुन्यांपैकी एकाची मेमरी भरत चालली होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने तो उतरवायला घेतला. तो गोराईचा, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. आई बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. थोड्या वेळाने त्याच्या बहिणीचा फोन आला. बोलणं ऐकून त्याने फोन ठेवला आणि तो पुन्हा स्क्रीनकडे बघू लागला.

काय झालं, मी विचारलं.

"फादर येऊन गेले."

त्यांच्यात हे कधी म्हणतात ते मला ठाऊक होतं. फादर शेवटची प्रार्थना करून, तेल लावून जातात. मी त्याला निघ म्हणालो. विक्रोळीहून बोरिवली गाठायची, मग बोटीने खाडी ओलांडायची; बोट चुकली की धक्क्यावर बसून राहायचं.

"चौदा राहिलेत," तो म्हणाला.

"मी बघतो."

"नियम तुझाच ना रे? उद्या पोरांना कुठल्या तोंडाने झापशील?"

बोलणं नेहमीसारखंच खवचट होतं. ते चौदा तोडून टाकले असते तर तो मोकळा झाला असता. तेवढे अर्ज पुन्हा भरावे लागले असते, कोणी मेलं नसतं. पण तोडा म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती, आणि माझीही.

मी खुर्ची त्याच्या खुर्चीला लावली. "आकडा बोल."

"अकरा."

"अकरा. आता हे माझे."

तो उठला. बॅगही न घेता गेला.

आकडा उतरत उतरत एकावर येऊन थांबला. कोणीतरी अर्ज उघडा टाकून कुठे गेलं असणार. तसाच सोडून दिलेला अर्ज काही वेळाने आपोआप बंद होतो, त्यामुळे मी वाट पाहत राहिलो. अधूनमधून फोनकडे बघत होतो. त्यावर काही नव्हतं. शून्य झालं, मी सर्व्हर बंद केला आणि पुन्हा चालू केला. तरीही फोनवर काही नव्हतं.

दोन दिवसांनी मी मातीला गेलो. चर्चच्या आवारात तो मला बाजूला घेऊन उभा राहिला. आईने ओळखलं, म्हणाला. भावंडांत भांडू नका, घर विकू नका, एवढं बोलली. मग डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

"पुढच्या बोटीने आलो असतो तर भेट चुकली असती," तो म्हणाला.

परतताना धक्क्यावर उभा राहून मी हिशेब केला. तो ऑफिसातून कधी उठला, इकडे शून्य कधी झालं, रस्त्याला किती वेळ लागतो, बोटी किती अंतराने सुटतात. त्याचं म्हणणं बरोबर होतं. शून्यापर्यंत थांबला असता तर पुढची बोटही त्याला मिळाली नसती.