रविवारची दाढी

दाजींच्या अंत्ययात्रेला मी अर्धी दाढी करून गेलो. उजवा गाल गुळगुळीत, डाव्या गालावर खुंट आणि कानाच्या पाळीला वाळलेला साबण. रविवारची सकाळ होती. कासारवाडीच्या घरी मी आरशासमोर उभा होतो आणि संत तुकाराम नगरातून माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला. "सुन्या, ते गेले," ती म्हणाली. "झोपेतच... तू ये. आणि वस्तरा आण." मी तोंड पुसलं, वस्तरा खिशात घातला, स्कूटर काढली. आरशात पुन्हा बघायचं राहून गेलं. आता दीड-दोन महिने होत आले, पण आमच्या नातेवाइकांत माझी ओळख अजून 'तो निम्म्या दाढीचा' अशीच करून देतात.

दाजी पिंपरीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या खिडकीवर होते. शिफ्ट पहाटेची असो की रात्रीची, दाढी केल्याशिवाय त्यांनी उंबरा ओलांडला नाही. आणि ती करायची उघड्या वस्तऱ्यानं, गॅलरीतल्या खुर्चीत बसून, गजाला आरसा टांगून. दोन वस्तरे होते, आलटूनपालटून वापरायचे. धारेलाही साप्ताहिक सुट्टी लागते म्हणायचे. त्यातल्या एकाला कायमचं घरी बसवलं ते मी. मी चाकणला टूलरूममध्ये. पोलाद रंगावरून ओळखतो, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो. "द्या इकडं दाजी, अशी धार लावून आणतो की केस नुसते घाबरून गळतील," म्हणत वस्तरा नेला आणि जेवणाच्या सुट्टीत सरळ ग्राइंडरच्या चाकावर धरला. पातळ पातं चाकाला लावू नका, तापेल, पाणी उतरेल, मग धारच धरणार नाही, असं मी नव्या पोरांना रोज बजावतो. माझ्याच हातात ते पातं मोरपिसासारखं निळं झालं. दाजींनी ते उजेडात धरलं, उलटसुलट करून बराच वेळ पाहिलं. "रंग छान बसलाय, सुनीलराव," एवढंच म्हणाले. पुढं अक्का त्या वस्तऱ्यानं दुधाच्या पिशव्या कापायची. मी गेलो की दाजी आत हाक मारायचे, "मेहुणे आलेत. त्यांच्या हत्यारानं पिशवी काप आणि चहा टाक."

मग गेल्या वर्षी दाजींची उजवी बाजू गेली. चालणं काठीवर आलं, बोलणं अडखळत का होईना परतलं, उजवा हात मात्र परतला नाही. डाव्या हातानं दाढी करायला गेले आणि हनुवटी कापून घेतली. अक्कानं कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला घरी बोलावलं, तर यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ओठांचा उजवा कोपरा ओघळला होता, तिथून लाळ गळायची. ती परक्या माणसानं पुसावी हे त्यांना सोसत नव्हतं. दाढी वाढली. संध्याकाळी बिल्डिंगखालच्या बाकावर मित्रांत बसणं बंद झालं. दाराची बेल वाजली की काठी टेकत आतल्या खोलीत जायचे. उभ्या कंपनीला चेहऱ्यानं ओळखणारा माणूस आपलाच चेहरा लपवून बसला... स्वयंपाकघरात अक्का मला हळूच म्हणाली, "हे असे आत आतच जाणार बघ." मी बाहेर आलो आणि बोलून बसलो, "दाजी, मी करतो तुमची दाढी."

दाजी अर्ध्या तोंडानं हसले. "तुम्ही? निळी कराल." मग भिंतीकडे बघत, अहो-जाहो सोडून म्हणाले, "तुझ्यापुढं लाज नाही वाटायची... तुला कुठं आहे ती."

शिकवणी निळ्या वस्तऱ्यापासून सुरू झाली, कारण त्यानं खून होण्याची भीती नव्हती. फुगा फुगवून त्याला साबण फासायचा आणि तो न फुटता साफ करायचा. बिनधारेच्या वस्तऱ्यानंही मी फुगे फोडले, अक्काच्या पडद्यांवर फेस उडवला. मग दाजींनी दुसरा, धारेचा वस्तरा हवाली केला आणि आधी माझ्याच तोंडावर हात बसवायला सांगितलं. त्या दिवसांत कंपनीत सगळे विचारायचे, "राव, मांजर पाळलंय का?" माझं सगळं लक्ष वस्तऱ्याच्या हाताकडे. दाजी म्हणायचे, "दुसरा हात बघा, सुनीलराव. कातडी ताणून धरतो तो. तो ढिला पडला की रक्त." मी दाबायचो, तर म्हणायचे, "वस्तऱ्याला त्याचं वजन आहे. तुमचं नको." पण सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. वस्तरा गालावर असताना करणाऱ्यानं बोलायचं नाही आणि करून घेणाऱ्यानं तर नाहीच. आम्ही दोघं एरवी एकमेकांना वाक्य पुरं करू न देणारी माणसं. रविवारी मात्र गॅलरीत पात्याची खरखर तेवढी ऐकू यायची. डावा गाल दाजी स्वतः फुगवून द्यायचे, उजवा मी ताणून धरायचो, मधेच लाळ पुसायचो. ते डोळे मिटून घ्यायचे. इतक्या वर्षांच्या थट्टेत जे कधी बोललो नाही, ते तिथं न बोलताच होऊन जायचं.

पहिल्या रविवारी दाढी झाल्यावर त्यांनी आरसा मागितला. मग काठी मागितली. आणि खाली जाऊन बाकावर बसले. वरून अक्का पाहत होती, मी तिच्याकडे पाहिलं नाही.

नियम एकच होता. त्यांच्या गालाला वस्तरा लावण्याआधी माझी दाढी तपासून घ्यायची. डाव्या हाताची बोटं पालथी करून ते माझ्या गालावरून फिरवायचे आणि मान हलवायचे. पास. म्हणून दर रविवारी मी घरून दाढी करून निघायचो. त्या रविवारीही तेच चाललं होतं.

मी पोचलो. तासाभरानं मावळातून त्यांचे चुलतेही आले. अक्का गरम पाण्याचं भांडं घेऊन आली, तसे ते म्हणाले, "आगं, मेल्याव कुनी दाढी करतंय व्हय?"

"यांची करतात," अक्का म्हणाली.

ओला टॉवेल ठेवला, साबण लावला. ओघळलेला कोपरा आता दिसत नव्हता, दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या. उजवा गाल झाला. डाव्या गालाशी आलो आणि सवयीनं थांबलो. थांबूनच राहिलो. मग खोलीभर ऐकू जाईल असं माझ्या तोंडून निघून गेलं, "गाल फुगवा, दाजी."

अक्का पलीकडून वाकली आणि तिनं दोन बोटांनी तो गाल ताणून धरला. कुठंही लागलं नाही. बाहेर नेताना चुलत्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "पाव्हणं, तुमची निम्मी ऱ्हायली की."

अजूनही रविवारी मी अक्काकडे जातो. आता घरून दाढी करून नाही, तिथंच करतो. खुर्ची तिथंच आहे, गजाला आरसा आहे, पिशव्या अजून निळ्या वस्तऱ्यानंच कापल्या जातात. मी डावा गाल फुगवतो. गप्प असतो. परवा दाढी झाल्यावर अक्का चहा घेऊन आली, कप कठड्यावर ठेवला आणि बोटं पालथी करून माझ्या गालावरून फिरवली. मी मान हलायची वाट पाहत होतो.

"कानाखाली तसंच राहिलंय," ती म्हणाली. "त्यांनी तुला पास केलं ते माझ्या तोंडाकडं बघून."