लॉगमध्ये दिसणारा माईक

हे इथे लिहायला मी बरेच दिवस घेतले. भीतीमुळे नाही... लाजेमुळे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही घराबाहेर काढली, असं बाबा नेहमी सांगतात. करणी, झपाटणं, अंगात येणं हे शब्द आमच्याकडे फक्त हसण्यासाठी होते. मीही त्याच वळणाची. इथले भुताखेतांचे अनुभव वाचताना मनात प्रत्येकाला उत्तर द्यायचे — उंदीर असेल, झोप झाली नसेल, वायरिंग जुनं असेल. आता माझाच अनुभव सांगायचाय, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

मी अंधेरीला एका कंपनीत सिस्टिम्सचं काम करते. सर्व्हर बिघडला की तो का बिघडला ते शोधायचं. त्यासाठी आम्ही कर्नल लॉग वाचतो. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. कुठली वायर लागली, कुठली निघाली, कुठला भाग तापला, हे सगळं तो ओळीओळीने लिहून ठेवतो. माणसं लपवतात, विसरतात. लॉग विसरत नाही — हे वाक्य मी ऑफिसमधल्या नव्या पोरांना ऐकवत आले.

बाबा घाटकोपरला, पंतनगरात एकटे राहतात. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांच्याकडे मीच जोडून दिलेला डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. ना कॅमेरा, ना माईक. माईक एकच होता, आईचा. आई ओव्या आणि भीमगीतं म्हणायची. दुपारी जेवणं आटोपली की ती कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसून गायची आणि बाबा रेकॉर्ड करायचे. पहिल्यांदा माईक बघून म्हणाली होती, "एवढ्याशा बोंडात माहा आवाज मावन का?" आई दोन वर्षांपूर्वी गेली. माईकचं पुढे काय झालं, कुणी विचारलंही नाही.

यंदा बाबांची तक्रार सुरू झाली.

"शीतल, दुपारी टाइप करताना मध्येच अक्षरं अडकतात गं. मिनिटभरानं परत नीट."

मी ऑफिसमधूनच नेटवरून त्यांच्या मशीनमध्ये शिरले आणि लॉग उघडला. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, दुपारच्याच वेळी, एक ओळ होती — नवीन यूएसबी डिव्हाइस जोडलं. खाली कंपनीचं नाव, मॉडेल, सीरियल नंबर. गाडीला चॅसी नंबर असतो ना, तसा तो प्रत्येक वस्तूचा वेगळा असतो. आईचाच माईक होता. समोरच्या पोर्टमध्ये, म्हणजे वायर खोचायच्या खाचेत, लागायचा, थोडा वेळ राहायचा, निघायचा.

मला वाईट वाटलं. वाटलं, बाबा आईच्या आठवणीनं माईक काढत असतील. फोन केला.

"बाबा, आईचा माईक लावता ना अधूनमधून? लावा की, फक्त टाइप करताना नको."

"माईक? माईक घरात कुठाय?"

"बाबा, लॉगमध्ये दिसतोय."

"मग तुझा लॉग चुकतोय."

मी हसले. आणि त्या हसण्यापासून माझी वाट चुकली. मला वाटलं, बाबा विसरतायत. स्वतः लावतात, काढतात, आणि त्यांना आठवत नाही. रविवारी घरी जाऊन त्यांच्यासमोर कपाट उपसलं. आईच्या साड्यांच्या घड्या मोडल्या. माईक सापडला नाही, तर म्हटलं, "कुठं ठेवता तेसुद्धा विसरलात." बाबा पलंगावर बसून बघत होते. एवढंच म्हणाले, "साड्या नीट ठेव."

पुढच्या आठवड्यात त्यांना डॉक्टरकडे नेलं. बीपी तपासायचं सांगून नेलं, हेही लिहून टाकते. तिथे तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं. मग डॉक्टर म्हणाले, "काका, शंभरातून सात वजा करा. जे येईल त्यातून परत सात. सांगत जा."

आपल्याला कशासाठी आणलंय हे बाबांना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... डॉक्टर "बस, बस" म्हणाले तरी थांबले नाहीत. नऊ, दोन. "उणे पाच," बाबा म्हणाले. "पुढे जाऊ?"

डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत. रिक्षात मी पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी ती घेतली नाही.

बाबांना काहीही झालेलं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तरी मी ऐकलं नाही! सुरुवातीला टेस्टमध्ये कळत नसेल, म्हटलं. घरी जाऊन समोरच्या पोर्टांवर जाड चिकटपट्टी लावली. लहान मुलाच्या हातून काडेपेटी काढून घ्यावी तशी, त्यांच्यादेखत.

दोन दिवसांनी ओळ परत आली. तोच पोर्ट, तोच नंबर.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून घाटकोपर गाठलं. पट्टी जशीच्या तशी, कडासुद्धा उचललेली नव्हती. बाबांनी चहा टाकला. त्यांची नजर चुकवायला मी दादाला, माझ्या भावाला, फोन लावला. तो आणि त्याची मुलगी पिंकी मरोळला राहतात.

"दादा, आईचा माईक कुणी नेला रे?"

"मीच नेला की. पिंकीच्या ऑनलाइन क्लाससाठी. का गं?"

"कुठाय तो?"

"माळ्यावर असेल. थांब..." त्यानं स्टूल ओढल्याचा आवाज आला. "हा बघ, मिळाला. धूळ बसलीय नुसती. वायर तर मुळाशी तुटलीय. पिंकी म्हणते, कधीच तुटली."

"खालचा स्टिकर वाच."

तो एकेक आकडा वाचत गेला आणि मी स्क्रीनवर बोट फिरवत गेले. सगळे जुळले. त्याचं वाचून होतंय तोच, माझ्या बोटाखाली नवीन ओळ उमटली. डिव्हाइस जोडलं. आईचा माईक.

"दादा, माईक कुठाय?"

"अगं हातात आहे माझ्या. काय झालंय तुला?"

बाबा कपबशी घेऊन मागे उभे होते. त्यांनी चष्मा सारखा करून ओळ वाचली. त्यांना इंग्रजी कळतं. मी म्हटलं, "बाबा, आत्ता रेकॉर्ड करता येईल. सिस्टिमला माईक दिसतोय." माझा हात माऊसवर गेला होता. त्यांनी त्यावर आपला हात ठेवला.

"नको."

"का?"

"काही ऐकू आलं नाही तर मला वाईट वाटेल. आणि आलं... तर मी चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलं? कारण असेल काहीतरी. तुला सापडत नाही, एवढंच. सापडत नाही म्हणून वाट्टेल ते मानायचं नसतं."

थोड्या वेळानं ओळ आली — डिव्हाइस निघालं. बाबांनी चहा परत गरम केला.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. ऑफिसमधून एक छोटा प्रोग्रॅम लावून ठेवला. माईक दिसला की आपोआप रेकॉर्डिंग सुरू. बाबांना सांगितलं नाही. मी स्वतःला म्हणत होते, हे शास्त्र आहे.

चौथ्या की पाचव्या दिवशी फाईल आली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात हेडफोन लावून ऐकली. आधी पंख्याची घरघर. शेजारच्यांच्या कुकरची शिटी. पेपरचं पान उलटल्याचा आवाज. मग खोकला — बाबांचा. म्हणजे ती घाटकोपरची खोली होती. ज्या मशीनला माईकच नाही, त्यातून ऐकू येणारी. आणि आवाजांच्या अंतरावरून वाटत होतं, ते आईच्या खुर्चीतून ऐकल्यासारखे होते.

मग बाबा बोलायला लागले. आमच्याशी ते मुंबईचं मराठी बोलतात. वऱ्हाडी फक्त आईशी.

"पोरगी म्हनते, मी इसरतो. डाक्टरकडे नेलं तिनं मले..." पेपरची घडी घातल्याचा आवाज. "तू सांग. मी इसरतो का वं?"

मी हेडफोन काढला. पुढे उत्तर होतं का, मला माहीत नाही. मी ऐकलं नाही. ते माझं ऐकायचं नव्हतंच. प्रोग्रॅम काढला, फाईल पुसली. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, आणि असता तरी दिला नसता.

त्या संध्याकाळी बाबांकडे गेले. ते खिचडीसाठी कांदा चिरत होते. मी डॉक्टरबद्दल माफी मागितली, कपाटाबद्दल, पट्टीबद्दलही. रेकॉर्डिंगचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दाराआडून कान लावून ऐकलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?

"जे दिसलं त्यावरून निष्कर्ष काढलास," बाबा म्हणाले. "चुकीचा काढलास. होतं तसं." आणि मग कांद्यावरची नजर न काढता, "आज आली होती का गं ती ओळ?"

"नाही," मी म्हटलं.

त्यानंतर ती कधीच आली नाही. केबल, बोर्ड, हब, सगळं तपासलं. एका सहकाऱ्याला, जो कर्नल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतो, त्याला जुना लॉग दाखवला. तो म्हणाला, "नंबर खोटा येऊ शकतो, पण हाच का येईल, ते नाही सांगता येणार." मलाही नाही सांगता येत. बाबांची अक्षरं आता अडकत नाहीत.

ते महिन्यातून एखाद्या वेळी विचारतात, अगदी सहज, पेपर वाचता वाचता. "आली का गं?" मी "नाही बाबा" म्हणते. त्या दिवशी ओळ आली होती, मी खोटं बोलले होते. आता ते खरं झालंय, आणि त्यांच्याकडे बघून म्हणणं मला अजून जमत नाही.