दोघांनी वाचायचं

बार्शीच्या घराला कुलूप घातलं तेव्हा आमची वैशाली रिक्षात बसून ओरडत होती, “बाबा, विमान थांबणार नाही तुमच्यासाठी!” तरी मी कुलूप काढून परत आत गेलो. सुमनची औषधाची सिरिंज फडताळात राहिली होती. बायको जाऊन तीन महिने झाले होते.

सुमन नर्स, तान्ह्या बाळांच्या वॉर्डात. मी चौथी नापास, पिठाच्या गिरणीत कामाला. वैशाली लहान असताना औषध द्यायचं झालं, की ही आधी पोरीचं वजन करायची, सिरिंज भरायची आणि माझ्यापुढं धरायची. “अहो, आकडा वाचा.”

“नर्स तू का मी?”

“एकटीनं द्यायचं नसतं. दोघांनी वाचायचं. अंदाज आमटीच्या मिठाला, बाळाच्या औषधाला नाही.”

मी वाचला, की म्हणायची, “बरोबर.” मगच औषध पोरीच्या तोंडात.

इथं जर्मनीत, डार्मश्टाटला, वैशालीची इरा सहा महिन्यांची असताना तापली. वैशाली आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. तिला कशाला उठवा, म्हणून निघताना नातीसाठी घेतलेली आपल्याकडची तापाची बाटली बॅगेतून काढली आणि सरळ चमच्यानं पाजलं. ती थेंबाथेंबानं द्यायची बाटली होती, चमच्याच्या औषधाहून कितीतरी कडक. वर वैशालीनं तासाभरापूर्वीच औषध दिलं होतं. सिरिंज त्याच बॅगेत पडलेली. मी हातसुद्धा लावला नाही.

वैशाली बाहेर आली, चमचा बघितला. “किती दिलंत, बाबा?” मी बाटली तिच्यापुढं धरली. आकडा बघितलाच नव्हता.

दवाखान्यात एका नर्सनं इराचं वजन केलं, सलाईनमधलं औषध भरलं. दुसरीनं आकडा मोठ्यानं वाचला. पहिली म्हणाली, “गेनाऊ.” भाषा कळली नाही, काम कळलं. मी भिंतीकडं तोंड करून रडलो. सुमनला पोचवून आलो तेव्हाही एवढा रडलो नव्हतो.

पोर वाचली. घरी आल्यावर दोन दिवस वैशालीनं इराला माझ्याजवळ एकटं ठेवलं नाही. बरोबरच केलं. तिसऱ्या दिवशी आईचीच सिरिंज भरून माझ्यापुढं धरली. “बाबा, आकडा वाचा.”

मी वाचला.

“गेनाऊ,” ती म्हणाली. इथलं ‘बरोबर’.

तुम्ही बार्शीकर फोनवर विचारता, घर आठवतं का. घराला काय, कुलूप आहे. मी आकडा वाचतो आणि अजून जरा थांबून राहतो. जिथं कोणी “बरोबर” म्हणायचं, ते घर होतं.