आंधी लेकरू, मंग सुई

माझ्या मावसबहिणीइतकी म्हशीच्या गोठ्यावर संशय घेणारी बाई अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. ताई पेशाने नर्स. संग्रामपूरकडच्या एका आरोग्य केंद्रात तिने आयुष्यभर बाळंतपणं केली. पण कुणाकडेही गेली की ओसरीवर टेकायच्या आधी थेट गोठ्यात शिरायची, कोनाडे चाचपायची. म्हैस लवकर पान्हवावी म्हणून टोचतात त्या औषधाची बाटली हाती लागली, की त्या घरचा चहा बंद. स्वतःच्या लेकीसाठी स्थळ पाहायला गेली, तेव्हा पाहुणे बैठकीत वाट पाहत बसले आणि ही गोठ्यात. मुलगा तिने नंतर पाहिला. परतताना म्हणाली, "पोरगं बरं हाये. गोठाही साफ हाये." लग्न जमलं.

या संशयाचं मूळ एका इंजेक्शनात होतं. त्याचं नाव ऑक्सिटोसिन; गोठ्यात म्हशीला टोचतात आणि दवाखान्यात बाळंतिणीलाही. गावात मात्र सगळे कळांची सुई म्हणतात. ताईचा या सुईवर जीव होता आणि धाकही तिला तिचाच. औषध थंड राहावं म्हणून तालुक्याहून येताना बर्फाचा डबा एसटीत मांडीवर घेऊन वर ओला टॉवेल पांघरायची; एकदा कंडक्टरने वाकून विचारलं, "बाई, लेकरू किती महिन्याचं हाये?" केंद्रातल्या फ्रिजमध्ये कुणी ताकाची बाटली ठेवली, तर ती दुपारी उन्हात पायरीवर सापडायची. "एक सुई टोचा, लवकर मोकळी होईन," असं म्हणत बाळंतिणींच्या सासवा मागे लागायच्या. सगळ्यांना उत्तर एकच: "आंधी लेकरू, मंग सुई."

हे उत्तर आमच्याच घरावर आलं, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. बायकोचं पहिलं बाळंतपण ताईच्याच केंद्रात होतं. सकाळपासून कळा मंद, दुपार टळत आलेली, बायको घामाने निथळत होती. माझ्या आईचा धीर सुटला आणि तिने पिशवीतून काय काढावं? आमच्या म्हशीची बाटली! "हे घे व बाई. औषध तं एकच असते म्हनतात."

ताईने बाटली घेतली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. "मावशी, हे तं म्हशीलेही टोचू नये. लेकरू अंदर असतानी पोट आवळलं अन् सुटलंच नाही, तं त्याचा जीव कोंडते, गर्भाची पिशवी फाटते. लागलंच तं मोठ्या दवाखान्यात थेंब थेंब देतात, लेकराचे ठोके पाहत बसतात. मी गाडी सांगून ठेवली हाये."

मी भित्रा. मीही म्हणालो, "ताई, दे ना एक." तिने मला हाताला धरून बाहेर काढलं.

तासाभराने आत रडणं ऐकू आलं. पाठोपाठ ताईचा आवाज, "थांबा, पोटात दुसरं कोनी नाही ना, पाहू द्या." आणि मग, न मागता, तिने बायकोच्या मांडीत सुई टोचली.

"आंधी मांगतली तवा देली नाही, अन् आता काऊन?" आईने विचारलं.

"तवा लेकरू अंदर होतं, मावशी. आता तुह्या सुनेचं रक्त थांबवाचं हाये."

वार पडल्यावर रक्त बरंच गेलं, पण पोट घट्ट झालं आणि ते थांबलं. आईने बाहेर येऊन हे सगळं सांगितलं. माझ्या घरात आज दोन माणसं हसतात-बोलतात, ती ताईच्या त्या एका नकारामुळे आणि नंतरच्या त्या एका सुईमुळे. आणि आई तेव्हापासून म्हशीच्या पान्ह्यासाठी आधी पारडू सोडते, मग बादली घेते.

ताई यंदा निवृत्त झाली. गुडघे गेलेत. परवा आली ती थेट ओसरीवरच बसली, गोठ्याकडे पाहिलंही नाही. आईने तिच्यापुढे केलेली कपबशी मागे घेतली.

"आंधी गोठा," आई म्हणाली, "मंग चहा."

ताई हसली, माझ्या लेकीचा हात धरून उठली आणि गोठ्याकडे निघाली.