सत्तावन्न किलोंचा रोजा

कोणी हातात दिलेलं खाणं धाऊला नाकारता येत नसे, आणि एवढ्या एका गुणापायी त्याने कुस्ती घालवली.

चौक गावाच्या वरच्या वाडीतला धाऊ कॉलेजकडून सत्तावन्न किलोत खेळायचा. त्याचा जिगरी दोस्त झुहेबही सत्तावन्नातच. विद्यापीठाच्या स्पर्धेला दोघांतला एकच जाणार होता, आणि सरांनी निवडीची कुस्ती नेमकी रमजानच्या शेवटाला ठेवली. झुहेब रोजे धरून आपसूक हलका होणार, हे धाऊने ताडलं. मग त्यानेही रोजे धरले. थुंकी गिळली तर चालते का, हेसुद्धा तो झुहेबलाच विचारी.

झुहेबची आई सफुराचाची हे ऐकून विरघळलीच. "तुजा रोजा आमच्याच घरी सुटंल," ती म्हणाली. रोज संध्याकाळी झुहेब दोन खजूर खाऊन वजनाच्या धास्तीने उठे. धाऊपुढे मात्र खिम्याचे समोसे, घावणे आणि वर फिरनी येई. "नको" म्हणायला त्याचं तोंड कधी रिकामं नसे.

निवडीच्या दिवशी झुहेब वजनकाट्यावर बरोबर सत्तावन्न भरला. धाऊ दोन किलो जास्त भरला आणि न लढताच बाद झाला.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मायलेकांनी मिळून आपल्याला बकऱ्यासारखं पोसलं! या घराची पायरी पुन्हा चढणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. शपथ संध्याकाळच्या अजानपर्यंत टिकली.

चाचीने ताट पुढे सरकवलं. "सुटलास ना त्या वजनातून? महिनाभर नुसता लाजत जेवलास रं. आता तरी पोटभर खा."