तेरावे शिंपीकाका

आमच्या नाटक कंपनीच्या शिंपीकाकांना आयुष्यात एकदा तरी रंगमंचावर उभं राहायचं होतं. आमची मापं घेता घेता त्यांचं वय झालं, आणि पडद्याआडून बघून आमचे सगळे नाच त्यांना पाठ झाले. निवृत्तीआधीच्या शेवटच्या प्रयोगासाठी त्यांनी धीर करून नृत्यमास्तरांना विचारलं. मास्तर कपाळाला हात लावून बसले.

"काका, हे नाचणारे बाराजण. बाराच्या दोन रांगा होतात, तीन होतात, चार होतात, सहा जोड्या होतात. तेराचं मी काय करू?"

"करून तर बघा."

मास्तरांनी दोन सारख्या रांगा केल्या, एक उरला. तीन केल्या, एक उरला. चार केल्या, जोड्या लावल्या, तरी एकच उरला. आणि आम्ही कुणी आपली जागा सोडणारे नव्हतो, त्यामुळे दर वेळी उरले ते काका.

"राहा मधे उभे," मास्तर म्हणाले. "फक्त हलू नका."

प्रयोगात रांगा बदलत गेल्या आणि काका मधोमध एकटे उभे राहिले. एकटा माणूस दिसला की प्रकाशवाला झोत त्याच्यावरच टाकतो. आम्ही बाराजण अंधारात घाम गाळत होतो.

प्रयोग संपल्यावर आमच्यासोबत घरी जाताना काकू म्हणाल्या, "अहो, सगळे नाचत होते. तुम्हाला का नाही घेतलं?"

"घेतलं होतं की," काका म्हणाले, "पण मी उरत होतो."

इतकं खूश आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं.