दुसरा फेरा

फिटरकाकांना एका जागी बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माणूस घरात कमी आणि रेल्वेच्या यार्डात जास्त. भंगारात निघालेलं एक जुनं डिझेल इंजिन त्यांनी आणि चार निवृत्त सोबत्यांनी तीन वर्षं खपून पुन्हा उभं केलं होतं. आज बारा वाजता यार्डाचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर इंजिन सुरू झालं तर ते राहणार, नाहीतर सोमवारी कापणारे येणार. मुदत दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मागायला तोंड नव्हतं.

बरेच दिवस बंद असलेलं इंजिन आधी हाताने फिरवून बघतात. प्रत्येक सिलिंडरची छोटी तोटी उघडायची आणि पहार लावून दोन पूर्ण फेरे द्यायचे. आत पाणी साठलं असेल तर तोटीतून उडतं. एका फेऱ्यात निम्म्याच सिलिंडरांवर दाब येतो, म्हणून दोन. पाणी आत राहिलं आणि बटण दाबलं, तर पिस्टनचा दांडा वाकून इंजिन कायमचं कामातून गेलं.

सकाळी काकांनी आणि त्यांच्या जुन्या दोस्ताने, ड्रायव्हरने, मिळून पहार ओढली. मोजायचं काम काकांचं. मध्येच साहेबांच्या कचेरीतून फोन आला, तो घेतला, परत आले, तोट्या बंद केल्या आणि केबिनच्या दारावर खडूने 'ठीक' लिहिलं. अडतीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं 'ठीक' कुणी पुसलं नव्हतं. ही गोष्ट ते ओळख नसलेल्यांनाही ऐकवत.

कपडे बदलायला घरी आले आणि शर्टाची बटणं लावता लावता त्यांचा हात थांबला. फोन आला तेव्हा कितवा फेरा चालू होता?

"अहो, जेवून तरी जा," काकू म्हणाल्या. "आणि खोलीभर चकरा मारू नका, मला गरगरतंय."

"दुसरा झाला होता बहुतेक."

"काय झालं होतं?"

"काही नाही." काका ताटावर बसले, दोन घास खाऊन उठले, चपला उलट्यासुलट्या घालून निघाले. रस्ताभर मनात पहार फिरत राहिली. झाला असेल. आपल्यासारख्या माणसाकडून असं राहतं थोडंच? आणि आता सांगायचं तरी कसं, सगळ्यांसमोर, साहेबांसमोर?

साहेब वेळेवर आले आणि आल्या आल्या घड्याळ बघायला लागले. ड्रायव्हर केबिनमध्ये चढला. त्याने काच पुसली. मग चष्मा पुसला. मग पुन्हा काच.

"करायचं ना सुरू?" त्याने खाली बघत विचारलं.

काकांनी मान हलवली. ड्रायव्हरचा हात बटणाकडे गेला.

"थांब," काका म्हणाले. आवाज फाटला. "माझी मोजणी चुकली आहे. एकच फेरा झालाय बहुतेक. परत फिरवायला लागेल."

काकांनी स्वतःच्या बाहीने दारावरचा खडू पुसला. कान तापले होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पुन्हा तोट्या उघडल्या, पुन्हा पहार लागली. सकाळचा पहिला फेरा कोरडा गेला होता. आताच्या दुसऱ्यात अकराव्या सिलिंडरमधून काळ्या पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर.

धुराड्यावरचं झाकण परवा काकांनीच बघायला म्हणून काढलं होतं, तिथून पावसाचं पाणी उतरलं होतं. तेही त्यांनी सांगून टाकलं. पाणी काढलं, तोट्या बंद झाल्या, आणि पाऊण वाजता इंजिनाने दोनदा खोकून धूर सोडला आणि धडधडायला लागलं. साहेबांनी ओल्या शर्टानेच कागदावर सही केली.

सगळे पांगल्यावर काका केबिनखाली गेले. "वाचलो रे. तू बटण दाबलं असतंस तर संपलं होतं."

"नसतं दाबलं," ड्रायव्हर म्हणाला. "पहारीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. एकच फेरा झाला होता, मला ठाऊक होतं."

"मग सकाळीच बोलला का नाहीस?"

"तू बोलतोस का, ते बघायचं होतं."

काकांना त्याला सणसणीत शिवी हासडायची होती. ती काही केल्या तोंडातून निघेना.